दहा बीसी ५४७ आणले, तर माइकला कोणता लावायचा?

काजूच्या कारखान्यात एकाच बागेतला माल डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० अशा वेगवेगळ्या डब्यांत जातो. एका पौंडात किती गर बसतात, त्यावरून आकडा ठरतो. बीसी ५४७ हा लहान करंट मोठा करणारा तीन पायांचा ट्रान्झिस्टर. त्याच्या पाठीवरचं अक्षरही असंच चाळणीतून आलेलं असतं. २ मिलिअँप कलेक्टर करंट आणि ५ व्होल्टला मोजून गेन (कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट, तो आकडा) ११० ते २२० भरला तर बीसी ५४७ ए, २०० ते ४५० भरला तर बी, आणि ४२० ते ८०० भरला तर सी.

या आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. एक, कडा एकमेकांवर चढलेल्या आहेत: २१० गेनच्या ट्रान्झिस्टरवर ए असू शकतो आणि बीसुद्धा. दुसरी, चाळणी फार जाड आहे. एकाच पाकिटातल्या दोन बीपैकी एक २१० चा आणि दुसरा ४४० चा निघाला, तरी कंपनीने काही चूक केलेली नसते. म्हणून चवथीच्या भजनासाठी माइकचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल आधी मोठा करणारं सर्किट), गिटारसाठी फझ (सूर मुद्दाम फाटका करणारं पेडल) किंवा घरचा छोटा अँप्लिफायर बनवायचा असेल, तर अक्षर बघून माल आणायचा आणि मोजून जागा ठरवायची.

आधी पिना, मग बाकी सगळं

चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली: बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४ मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. सी १८१५ (पूर्ण नाव २एससी १८१५, जपानी कंपन्या पाठीवर पुढचं २एस छापत नाहीत) मध्ये एमिटर, कलेक्टर, बेस. तिन्ही दिसायला सारखेच, आणि दुकानदार ‘हा चालेल’ म्हणून एकाऐवजी दुसरा देतो. तो चालतोही, पण पाय वळवून लावला तर. सी १८१५ ची अक्षरंही वेगळी आहेत: ओ म्हणजे ७० ते १४०, वाय म्हणजे १२० ते २४०, जीआर म्हणजे २०० ते ४००, बीएल म्हणजे ३५० ते ७००.

उलटा लावला की ‘चालला नाही, काढून सरळ लावला’ एवढ्यावर भागत नाही. बेस आणि एमिटरमधला जोड उलट्या दिशेने साधारण ६ व्होल्टपर्यंतच सहन करतो. ९ व्होल्टच्या सर्किटमध्ये कलेक्टर आणि एमिटरची अदलाबदल झाली, तर तो जोड ब्रेकडाऊनमध्ये जातो, म्हणजे त्यातून उलटा करंट वाहू लागतो. ट्रान्झिस्टर मरत नाही, पण गेन घटू शकतो आणि सुरसुर वाढते, आणि हे नुकसान आपोआप भरून येत नाही. असा ट्रान्झिस्टर वेगळा ठेवा. एलईडी पेटवायला तो उत्तम, माइकच्या पहिल्या स्टेजला (सिग्नल सगळ्यात आधी मोठा होतो त्या जागेला) नको.

टेस्टर बांधून घ्या

साध्या डीटी ८३० जातीच्या मीटरवर एचएफईचं (म्हणजे गेनचं) गोल सॉकेट असतं. ते बेसला साधारण १० मायक्रोअँप देतं आणि कलेक्टरला ३ व्होल्टच्या आसपास. सिलिकॉनचा माल ढोबळ चाळायला ते पुरतं. त्रास दोन आहेत: बारीक पाय त्या सॉकेटमध्ये नीट टेकत नाहीत, आणि जर्मेनियमच्या (सिलिकॉनच्या आधीच्या काळातल्या) ट्रान्झिस्टरच्या बाबतीत ते चक्क खोटं बोलतं. त्यावर पुढे येतोच.

स्वतःचा टेस्टर अर्ध्या तासात होतो. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, ७८०९ रेग्युलेटर, त्याच्या इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरॅड. रेझिस्टर दोनच, १ मेगओहम आणि १ किलोओहम, दोन्ही एक टक्क्याचे मेटल फिल्म. एक पुश बटन, आणि ट्रान्झिस्टर खोचायला आयसी सॉकेटचा तीन पिनांचा तुकडा. बॅटरीवर करू नका. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरत जाल तशी खाली उतरते आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांची तुलनाच उरत नाही.

जोडणी एनपीएनसाठी (वरचे तिन्ही एनपीएन; पीएनपी जातीत करंट उलट दिशेने वाहतो): एमिटर ग्राउंडला. कलेक्टर १ किलोओहममधून ९ व्होल्टला. बेस १ मेगओहम आणि बटनातून ९ व्होल्टला. बेस आणि एमिटरमध्ये १ नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका. हा नसला तर ब्रेडबोर्डवरच्या लांब वायरी घरातला हम पकडतात, कधी ट्रान्झिस्टर ऑसिलेटही होतो, आणि हात जवळ नेला की आकडा नाचतो. मीटर १ किलोओहमच्या दोन टोकांना, २० व्होल्टच्या रेंजवर. पीएनपीसाठी सप्लायची दोन टोकं उलटवा, बाकी सर्किट तेच.

आता हिशेब. बेस-एमिटरमध्ये ०.६२ व्होल्ट जातात, उरलेले ८.३८ व्होल्ट १ मेगओहमवर, म्हणजे बेस करंट ८.३८ मायक्रोअँप. बटन दाबल्यावर मीटरवर २.३५ व्होल्ट आले तर कलेक्टर करंट २.३५ मिलिअँप, आणि गेन २८०. तोंडी हिशेबाला सोपं म्हणजे आलेल्या व्होल्टना ११९ ने गुणा. ए ग्रेड ०.९२ ते १.८४ व्होल्टमध्ये दिसेल, बी १.६८ ते ३.७७ मध्ये, सी ३.५२ ते ६.७० मध्ये. ७८०९ बरोबर ९.०० च देतो असं नाही, चार टक्के इकडे-तिकडे असतो. तुमचा किती देतो ते एकदा मोजून ११९ ची जागा भरा.

बेस करंट खात्रीने कळावा म्हणून १ मेगओहमवर मीटर लावायचा मोह होतो. लावू नका. डीटी ८३० चा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्सच १ मेगओहम आहे. तो समांतर बसला की बेस करंट दुप्पट होतो आणि तुम्ही वेगळाच ट्रान्झिस्टर मोजत बसता.

बटन न दाबता सिलिकॉनचा आकडा ०.०० यायला हवा. काही तरी आलं तर ट्रान्झिस्टर उलटा लागलाय, गळका आहे, किंवा जुलै महिना आहे. हे तिसरं कारण कोकणपट्टीतल्या लोकांनी लक्षात ठेवावं. बोर्डवर सोल्डरिंगच्या फ्लक्सचा थर राहिलेला असतो, पावसाळ्यातली दमट खारी हवा तो शोषते आणि ९ व्होल्टची पट्टी व बेस यांच्यामध्ये शंभरेक मेगओहमची वाट तयार होते. ०.०९ मायक्रोअँप काहीच नाही असं वाटतं, पण समोर ३०० गेनचा ट्रान्झिस्टर आहे: २७ मायक्रोअँप, मीटरवर ०.०३ व्होल्ट, बटनाला हातही न लावता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा बघा. आकडा गेला तर ट्रान्झिस्टर निर्दोष.

बोटात धरून खोचलेला ट्रान्झिस्टर गरम असतो आणि गरम ट्रान्झिस्टरचा गेन वाढलेला दिसतो. चिमट्याने खोचा, बटन दाबून दहा मोजा, मग आकडा लिहा. मास्किंग टेपच्या पट्टीवर ट्रान्झिस्टर ओळीने चिकटवून खाली पेन्सिलीने गेन लिहिणं ही सगळ्यात टिकाऊ पद्धत.

गेन कुठे लागतो, कुठे नाही

नवशिक्यांचा एक समज फार पक्का असतो: गेन जास्त म्हणजे ट्रान्झिस्टर चांगला. ज्या स्टेजला बेसवर दोन रेझिस्टरचा डिव्हायडर (९ व्होल्ट ते ग्राउंड मालिकेत, मधल्या जोडाला बेस) आणि एमिटरला स्वतःचा रेझिस्टर आहे, तिथे २०० लावा की ४००, कानाला कळणार नाही. ४७ आणि १० किलोओहमचा डिव्हायडर ९ व्होल्टवर १५८ मायक्रोअँप वाहतो. १ मिलिअँपसाठी २०० गेनचा ट्रान्झिस्टर त्यातून ५ मायक्रोअँप उचलतो. तो २.५ ने कमी झाला तरी डिव्हायडर जागचा हलत नाही.

खरी फसगत जुन्या, कमी भागांच्या सर्किटमध्ये होते, जिथे ९ व्होल्टपासून बेसला एकच रेझिस्टर गेलेला असतो. बेसला १ मेगओहम, कलेक्टरला ४.७ किलोओहम घ्या. ११० गेनचा ट्रान्झिस्टर ०.९२ मिलिअँप घेईल, रेझिस्टरवर ४.३ व्होल्ट पडतील, कलेक्टर जवळजवळ मधोमध. छान. तिथेच २०० चा लावला तर ७.९ व्होल्ट पडतात आणि कलेक्टर १ व्होल्टवर बसतो. आवाजाची अर्धी लाट कापली जाते. ४०० चा पूर्णपणे चिकटतो, नुसतं घुसमटलेलं काही तरी ऐकू येतं. माल खराब नाही, या जागेला ए ग्रेड हवा होता. तो नसेल तर १ मेगओहमचं वरचं टोक ९ व्होल्टवरून काढून कलेक्टरला जोडा. गेन वाढला की कलेक्टर खाली येतो, बेसला कमी करंट मिळतो, सर्किट स्वतःच सावरतं. थोडा गेन जातो, जाऊ दे.

माइकची पहिली स्टेज

इथे शांतपणा हवा. बीसी ५४९ आणि बीसी ५५० हे मुळात कमी नॉइजसाठी ठरवलेले आहेत. सी ग्रेडचा आणा. ५४९ ला ३० व्होल्टची मर्यादा आहे, ५५० ला ४५ ची. गेन जास्त असला की त्याच कलेक्टर करंटला बेस करंट कमी लागतो, आणि बेस करंटचा स्वतःचा नॉइज असतो, म्हणून इथे मोठा गेन खरोखर कामाचा.

त्याचबरोबर करंट सोर्सप्रमाणे ठरवा. डायनॅमिक माइक दोनशे ते सहाशे ओहमचा असतो, त्याला १ मिलिअँपच्या आसपास चालवलेली स्टेज शांत राहते. गिटारचा पिकअप कित्येक किलोओहमचा, त्याला ५० ते १०० मायक्रोअँप. माइकसाठी बनवलेला प्रीअँप गिटारला जोडून ‘हा सुरसुरतो’ म्हणण्यात अर्थ नाही.

शेवटची निवड कानाने. पहिल्या स्टेजला सॉकेट ठेवा, इनपुटला माइकऐवजी २०० ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडा, पुढे अँप्लिफायर आणि हेडफोन. आवाजाचं बटन एका खुणेवर ठेवून दहा ट्रान्झिस्टर आळीपाळीने खोचा, दर वेळी आधी सप्लाय बंद करून. सारखी, मऊ सुरसुर सगळ्यांत असेल, थोडीफार कमी-जास्त. शोधायचा तो तव्यावर मोहरी तडतडल्यासारखा आवाज, मध्येच येणारा, मध्येच थांबणारा. हा दोष गेनच्या मोजणीत कधीच दिसत नाही. म्हणून प्रत्येकाला अर्धा मिनिट तरी ऐका. तडतडणारा निघाला की बाहेर.

जोडी लावणं

अँप्लिफायरच्या इनपुटला दोन ट्रान्झिस्टर एकमेकांसमोर असतात. ती जोडी का लावायची, ते एका हिशेबात कळेल. दोघांत प्रत्येकी ०.५ मिलिअँप, प्रत्येकाच्या बेसला ४७ किलोओहम. एकाचा गेन २००: बेस करंट २.५ मायक्रोअँप, ४७ किलोओहमवर ११७ मिलिव्होल्ट. दुसऱ्याचा ४००: ५९ मिलिव्होल्ट. उरलेला जवळपास ५९ मिलिव्होल्टचा फरक स्पीकरवर डीसी म्हणून बसतो. गेन दहा टक्क्यांच्या आत जुळवला तर हा फरक १० मिलिव्होल्टच्या आसपास येतो.

गेननंतर बेस-एमिटर व्होल्टेज. ते १ मिलिव्होल्टने वेगळं असलं की करंटमध्ये चार टक्के फरक पडतो, आणि १८ मिलिव्होल्टला करंट थेट दुप्पट. मोजायला दोन ट्रान्झिस्टर शेजारी खोचा, प्रत्येकाचा बेस त्याच्याच कलेक्टरला जोडा, दोन्ही एमिटर ग्राउंडला, आणि दोन्ही कलेक्टरना ९ व्होल्टपासून एक टक्क्याचा एकेक १० किलोओहम. मीटर दोन कलेक्टरच्या मध्ये, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. आकडा आला, समजा +१.६. आता दोघांच्या जागा बदला. −१.० आलं, तर खरा फरक १.३ आणि ०.३ ही रेझिस्टरची चूक. एक ट्रान्झिस्टर कायमचा संदर्भ म्हणून ठेवून बाकीचे वीस त्याच्याशी ताडून पाहा, आकडे चिन्हासकट लिहा. जवळचे आकडे म्हणजे जोडी.

तापमानाचा खेळ इथे सगळ्यात निर्दय. एका अंशाला २ मिलिव्होल्ट हलतात, म्हणजे अर्ध्या अंशाचा फरक तुमच्या सगळ्या मेहनतीएवढा. पंखा बंद करा (मे महिन्यात हे सांगणं सोपं, करणं अवघड), दोघांवर कागदी कप उपडा घाला, मिनिटभर थांबा. जुळलेली जोडी बोर्डवर चपट्या बाजू एकमेकींना टेकवून बसवा, मध्ये थर्मल पेस्टचा ठिपका आणि वरून हीटश्रिंक. एक ट्रान्झिस्टर हीटसिंकजवळ आणि दुसरा लांब, असं झालं तर जुळवलेलं सगळं फुकट.

जर्मेनियम: आधी गळती, मग गेन

१९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने (पुढे डॅलस आर्बिटर) काढलेला फझ फेस हा पेडल एनकेटी २७५ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालायचा. तो आता दुर्मिळ. आपल्याकडे जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतून बीईएलच्या (भारत इलेक्ट्रॉनिक्स) शिक्क्याचे एसी १२८ आणि एसी १८८ मिळतात, दोन्ही पीएनपी. एसी १२७ आणि एसी १८७ एनपीएन.

जर्मेनियममधून बेस मोकळा असतानाही करंट गळतो. ती गळती मीटरचं सॉकेट गेन म्हणून मोजतं. १० मायक्रोअँप बेसवर २०० मायक्रोअँप गळती म्हणजे २० खोटा गेन, आणि फार गळका ट्रान्झिस्टर तर २५० गेनचा हिरा वाटतो.

टेस्टरमध्ये दोन रेझिस्टर बदला. बेसला २.२ मेगओहम, कलेक्टरला २.२ किलोओहम आणि २७० ओहम मालिकेत, म्हणजे २.४७ किलोओहम. पीएनपी आहे म्हणून एमिटर ९ व्होल्टला, कलेक्टर आणि बेसचे रेझिस्टर ग्राउंडकडे. हे आकडे निवडलेत ते हिशेब सोपा व्हावा म्हणून: १ व्होल्ट म्हणजे १०० गेन. बटन न दाबता ०.५२ व्होल्ट आले. गळती २१० मायक्रोअँप. दाबून १.३७ आले. वजाबाकी ०.८५, खरा गेन ८५. वजाबाकी केली नसती तर १३७ समजून बसला असता.

फझसाठी पहिला ट्रान्झिस्टर ७० ते ९०, दुसरा १०० ते १३०, गळती दोघांची ३०० मायक्रोअँपच्या आत, पहिल्याची शक्य तितकी कमी. आणि गळती साधारण दर दहा अंशांना दुप्पट होते. जानेवारीच्या पहाटे २२ अंशांना २०० भरलेला ट्रान्झिस्टर मेच्या दुपारी ३३ ला चारशेच्या वर जाईल. म्हणून निवड दुपारच्या उकाड्यात करा. तिथे जो टिकला तो जत्रेच्या मांडवातही टिकेल. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला मूळ सर्किटमध्ये ८.२ किलोओहम असतो. त्याजागी २० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) टाका आणि कलेक्टरवर उणे साडेचार व्होल्ट येईपर्यंत फिरवा. पीएनपी फझचं ग्राउंड बॅटरीच्या धन टोकाला असतं, तेव्हा तो बाकीच्या पेडलसोबत एकाच अ‍ॅडॉप्टरवर लावला की सप्लाय शॉर्ट होतो.

सोल्डर करताना पाय लांब ठेवा आणि केस व सोल्डरिंग आयर्नच्या मध्ये पायाला क्रोकोडाइल क्लिप लावा. त्याहून बरं, सॉकेटच वापरा. सोल्डर केल्यावर लगेच मोजू नका, अर्धा तास थंड होऊ द्या.

पॉवर ट्रान्झिस्टर, थोडक्यात

बीडी १३९ मध्ये आकडा हाच ग्रेड असतो: ६ म्हणजे ४० ते १००, १० म्हणजे ६३ ते १६०, १६ म्हणजे १०० ते २५०. ड्रायव्हरच्या (शेवटच्या मोठ्या ट्रान्झिस्टरला बेस करंट देणाऱ्याच्या) जागी १६ घ्या. २एससी ५२०० मध्ये आर ५५ ते ११० आणि ओ ८० ते १६०. समांतर लावताना सगळे एकाच अक्षराचे, आणि प्रत्येकाला स्वतःचा ०.२२ ओहम ५ वॉट एमिटर रेझिस्टर. तो वाचवायचा नाही.

२एन ३०५५ मध्ये नकली माल भरपूर. लहान करंटवर नकलीही बरोबर मोजतो, म्हणून मोठ्या करंटवर पकडा. १२ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरला गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, बेसला १२० ओहम २ वॉट, एमिटर ग्राउंडला. बल्ब पौणेदोन अँप मागतो, बेसला ९३ मिलिअँप मिळतात, म्हणजे १९ गेनवर काम भागतं. खऱ्या ३०५५ ला ४ अँपवरसुद्धा किमान २० असतो. दोन-तीन सेकंदच लावा. बल्ब पूर्ण पेटला आणि कलेक्टर-एमिटरमध्ये १ व्होल्टच्या आत राहिलं तर पुढे न्या. मंद पेटला आणि केस लगेच तापला तर तो नकली.

निवडलेला माल प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. खाऱ्या हवेत उघडे पाय काळे पडतात आणि सोल्डर त्यांना धरत नाही. तसं झालं तर खोडरबराने घासा, ब्लेडने खरवडू नका, वरचा मुलामा जातो. जर्मेनियमच्या डबीवर मोजल्याचं तापमानही लिहा, नाही तर पुढच्या मोसमात तो आकडा वाचून काहीच कळणार नाही.